पाय की पायऱ्या

प्रिय मित्रा,

परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "तू आता फक्त स्वतःपुरतं बघायला लागलास." मी विषय बदलला. आईच्या औषधाची वेळ झाली होती आणि खरं सांगायचं तर उत्तरही सुचत नव्हतं. आता सुचलंय, पण ते फोनवर मावणारं नाही, म्हणून पत्र. अक्षर तेच आहे, लावून वाच.

तुझा आरोप खोटा नाही. आपण रात्र रात्र परराष्ट्र धोरणावर आणि धरणांवर भांडायचो, जाहीरनामे शेवटच्या पानापर्यंत वाचायचो. आणि यंदा मी तुला विचारलं काय? तर घरी अंथरुणाला खिळलेल्यांच्या देखभालीबद्दल कुठल्या पक्षाने दोन ओळी तरी लिहिल्यात का. बाकीची पानं मी उघडलीसुद्धा नाहीत.

पण मतदानाच्या दिवशी काय झालं ते तुला सांगायचं राहिलं.

आई पडल्यापासून चाकांच्या खुर्चीवर आहे. त्या खुर्चीची पुढची चाकं लहान असतात. दोन बोटांचा उंबरा आला तरी ती अडतात आणि बसलेला माणूस पुढे कलंडतो. मग खुर्ची उलटी फिरवायची, मोठी चाकं आधी उंबऱ्याला लावायची आणि आपण पाठमोरं होऊन ओढायची. दोन वर्षांपूर्वी हे मला कुणी सांगितलं असतं तर "असं का" म्हणून मी विसरून गेलो असतो. आता कुठल्याही इमारतीत शिरताना माझी नजर आधी जमिनीवर जाते.

केंद्रावर तीन पायऱ्या होत्या. बाजूला एक फळी टाकली होती, पण इतकी उभी की खुर्ची चढवणं म्हणजे घसरगुंडी उलटी चढणं. शेवटी रांगेतले चौघे पुढे आले आणि त्यांनी आईला खुर्चीसकट उचललं. भली माणसं होती. आईने मांडीवरची शाल दोन्ही मुठींत घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. आयुष्यभर जिने स्वतःची पिशवी दुसऱ्याला धरू दिली नाही, तिला चारचौघांत असं अधांतरी जावं लागलं. वर टेकवल्यावर तिने आधी शाल सारखी केली, मग डोळे उघडले.

परत येताना मी धुमसत होतो. म्हटलं, "पायऱ्या बघितल्यास ना?" तर म्हणते, "पायऱ्यांचं काय रे, माझे पायच गेलेत."

थोड्या वेळाने विचारलं, मत कशाचा विचार करून दिलंस? माझी खात्री होती, औषधं किंवा निवृत्तिवेतन म्हणेल. ती म्हणाली, "पोरांना कामं मिळत नाहीत. आपली एकटीचीच नाही, सगळ्यांचीच पोरं बसून आहेत." "आपली" म्हणजे माझी लेक, तिची नात. खुर्चीत बसलेल्या बाईने खुर्चीसाठी मत दिलंच नाही. दिलं ते खुर्ची ढकलणाऱ्याने.

माणसं मत कशावरून देतात, तेव्हापासून मी हेच वाचत बसलोय. आईला रात्री दोनदा कूस बदलून द्यावी लागते, मधल्या वेळात झोप येत नाही. गंमत म्हणजे आई अपवाद नाही. डोनाल्ड किंडर आणि रॉडरिक किविएट या अभ्यासकांनी १९८०च्या आगेमागे अमेरिकेतल्या मतदारांबद्दल दाखवलं की स्वतःच्या खिशाला लागलेली झळ आणि मत यांचा संबंध आपण समजतो त्यापेक्षा बराच सैल असतो. देशाचं एकूण बरं चाललंय की वाईट, याबद्दल माणसाला काय वाटतं, ते जास्त वजनदार. नोकरी गेली तर माणूस आधी स्वतःला, नशिबाला, फार तर साहेबाला बोल लावतो. सरकारपर्यंत तो पोचतोच असं नाही. आईचं "पायच गेलेत" हे त्याच जातीचं वाक्य.

मग "ज्याचं जळतं त्याला कळतं" हे खोटं? तसंही नाही. जाळणारा हात दिसला की कळतं.

१ डिसेंबर १९६९ ची रात्र घे. व्हिएतनाम युद्ध चालू होतं. वॉशिंग्टनमध्ये एका काचेच्या भांड्यात ३६६ कॅप्सूल, प्रत्येकात वर्षातली एक तारीख. टीव्हीवर सगळा देश बघतोय आणि एकेक तारीख निघतेय. पहिली निघाली १४ सप्टेंबर. १९४४ ते १९५० मध्ये त्या तारखेला जन्मलेली पोरं सैन्यभरतीत पहिल्या क्रमांकाला. एकाच बाकावर बसणारे दोघे, एकाची तारीख आधी निघाली, दुसऱ्याची खूप नंतर. कष्ट, हुशारी, संस्कार, कशाचाही संबंध नाही. रॉबर्ट एरिक्सन आणि लॉरा स्टोकर यांनी अशा तरुणांचा माग काढला, तेव्हा ज्यांची तारीख आधी निघाली ते युद्धाच्या जास्त विरोधात गेलेले दिसले आणि त्यांचं राजकारणच त्या बाजूला कललं होतं. सक्तीची भरती १९७३ मध्ये बंद झाली, पण तो कल पुढे कित्येक वर्षं टिकला. सुंभ जळला, पीळ राहिला. मला वारंवार वाटतं, तू आणि मी त्या बाकावर असतो आणि आपल्या तारखा वेगळ्या निघाल्या असत्या, तर आपली ती रात्रभरची भांडणं कुठल्या बाजूंनी झाली असती? आपण ज्याला आपले विचार म्हणतो त्यातला किती भाग जन्मतारखेचा?

तिथे चिठ्ठी काढणारा हात सरकारचा होता, सगळ्यांना दिसत होता. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये घरपट्टीला लगाम घालणाऱ्या प्रस्तावाला सुमारे ६५ टक्के मतं पडली, तिथेही तसंच. बिल घरी येतं, त्यावर आकडा असतो, भरायची मुदत असते. घरमालकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आईच्या गुडघ्यांचं बिल कोण पाठवणार?

आणि दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझं तर आपल्याला दिसतच नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या ग्रामपंचायती पाहिल्या. जिथे सरपंचपद बाईसाठी राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त कामं झाली. पुरुष सरपंच काही दुष्ट नव्हते. हंडा त्यांच्या डोक्यावर नव्हता, इतकंच. मी तरी याहून वेगळा कुठे होतो? आई धडधाकट होती तेव्हा त्याच केंद्राच्या त्याच तीन पायऱ्या मी कितीदा चढलो असेन. तीन आहेत हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

आता तुझ्याकडे वळतो, सुटशील असं समजू नकोस. हवेच्या प्रदूषणाला "भरल्या पोटाची चिंता" कोण म्हणायचं? तू. या विषयावर माझ्याशी दोन तास वाद घातला होतास. आणि परवाच्या फोनवर, मला स्वार्थी म्हणायच्या आधीची वीस मिनिटं, तू कशावर बोललास आठव. लेकीचा खोकला, वाफेचं यंत्र, सकाळी उठून मोबाईलवर हवेचा आकडा बघणं, आणि त्या भागात बांधकामांना परवानगी देणारे कोण हरामखोर आहेत. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, आला, गडी आला. एबोन्या वॉशिंग्टन या अर्थतज्ज्ञ बाईंनी दाखवलंय की अमेरिकेच्या संसदेत ज्या खासदारांना मुली जास्त, ते स्त्रियांच्या हक्कांच्या बाजूने, विशेषतः गर्भपाताच्या प्रश्नावर, जास्त वेळा मत देतात. खासदारांना जे सुटलं नाही ते तुला कसं सुटेल?

मी तुला स्वार्थी म्हणणार नाही. तुझ्या लेकीने तुझं मत विकत घेतलेलं नाही, मान धरून तुझी नजर एका दिशेला वळवली आहे. आता तू एकट्या तिच्यासाठी बोलतोस की त्या रस्त्यावरच्या सगळ्या पोरांसाठी, यावर मी तुझ्याशी पुन्हा दोन तास भांडायला तयार आहे.

मला काळजी वेगळीच आहे. आई नसेल तेव्हा मी जमिनीकडे बघेन का? गरज सरो, वैद्य मरो, ही आपली जात. आणि ज्यांची परिस्थिती आमच्याहून अवघड आहे, ज्यांना उचलायला रांगेतले चौघे मिळत नाहीत, ते केंद्रावर येतच नाहीत. त्यांचा मुद्दा कोणता हे कुणी मोजायचं?

असो. मी त्या पायऱ्यांबद्दल अर्ज केलाय. सही आईची हवी होती. ती आधी तयारच नव्हती, "लोकांना कशाला त्रास" वगैरे चाललं होतं. मग चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला, सही केली आणि म्हणाली, "लिहिलंच आहेस तर कठडाही माग. त्या पलीकडच्या आजोबांना धरायला काही नव्हतं."

लेकीचा खोकला कसा आहे ते कळव.

तुझाच,
तोच जुना भांडखोर