नालंदाचे संग्रहालय शुक्रवारीही उघडे ठेवा : केंद्रीय संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

दिवाळी उलटली की विदर्भ-मराठवाड्यातून बिहारकडे सहली निघतात. बुद्धगया, राजगीर, नालंदा, सारनाथ हा मार्ग आमच्याकडच्या धम्मयात्रेच्या संयोजकांना तोंडपाठ आहे. कॉलेजच्या सहलीही त्याच वाटेने जातात. नालंदाच्या वाट्याला एक दिवस येतो. खरे तर अर्धाच, कारण दुपारपासून मुलांना राजगीरच्या रोपवेचे वेध लागलेले असतात. मी इतिहास शिकवते आणि विद्यार्थ्यांना तिथे नेते, म्हणून या अर्ध्या दिवसासाठी हे पत्र.

उत्खननाचे आवार रोज उघडे असते. रस्त्यापलीकडचे पुरातत्त्व संग्रहालय मात्र शुक्रवारी बंद. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. पण त्या दिवशी तिथे कोणी जातच नाही. नालंदाला शुक्रवारी तिकीट मिळते, फाटक उघडे असते आणि निम्मी नालंदा कुलपात असते. वार बघून निघा, असे सांगणे सोपे आहे. एवढ्या मुलांचे रेल्वे आरक्षण ज्या तारखेचे मिळेल, त्या तारखेला निघावे लागते.

निम्मी का म्हणते ते सांगते. आवारात विहारांची रांग आहे, समोर मंदिरे. मधोमध चौक, भोवती भिक्षूंच्या खोल्या, भिंतीत कोनाडे. पहिल्या विहारात मुले "मॅडम, हे तर होस्टेलच!" म्हणून प्रत्येक खोलीत शिरतात. तिसऱ्या विहारापर्यंत सगळ्या विटा सारख्या दिसू लागतात आणि मोबाइल बाहेर निघतात. यात मुलांचा दोष नाही. संग्रहालयात उत्खननात सापडलेला जळका तांदूळ ठेवला आहे. काळाठिक्कर, पण दाणा ओळखू येतो. त्या काचेपाशी मुलांची गर्दी होते. तिथेच मातीच्या मुद्रा आहेत : मध्ये धर्मचक्र, दोन बाजूंना हरणे, खाली ‘श्रीनालन्दामहाविहारीयार्यभिक्षुसंघस्य’. हा संस्थेचा शिक्का आहे असे म्हटले की पुढचे वेगळे सांगावे लागत नाही. इथे कोणी जेवत होते, कारभार करत होते, शिकत होते, हे विटांपेक्षा त्या तांदळाने लवकर कळते.

दुसरे गाऱ्हाणे गोष्टींचे. आवारात ऐकू येणारी गोष्ट बहुधा एकच : नऊ मजली ग्रंथालय, हल्ला करणारा बख्तियार खिलजी, महिनोन्महिने धुमसणारी आग. ते ग्रंथालय नेमके कुठे होते, हे उत्खननातून निश्चित झालेले नाही, पण बोटे सगळीकडे दाखवली जातात! आत शिकवणे कसे चाले, याबद्दल मात्र फारसे कानावर पडत नाही. दाराशीच प्रश्न विचारून दहातल्या सात-आठ जणांना परत पाठवत, हे सातव्या शतकातला चिनी यात्रेकरू श्वानझांग (ह्युएनत्संग) लिहून गेला आहे. प्रवेश परीक्षांनी पिचलेल्या मुलांना हे ऐकून किती बरे वाटते! आणि हल्ल्यांनंतर, १२३५ च्या सुमारास, आलेल्या धर्मस्वामिन या तिबेटी भिक्षूला इथे नव्वदी ओलांडलेले राहुल श्रीभद्र सुमारे ७० विद्यार्थ्यांना शिकवताना भेटले. उद्ध्वस्त आवारात वर्ग भरत होता, हे किती सहलींना कळते?

हे सांगणारी माणसे जवळच आहेत. राजगीरचे नवे नालंदा विद्यापीठ परराष्ट्र खात्याकडे येते, ते सोडा. पण १९५१ पासून चालणारे नव नालंदा महाविहार आपल्याच मंत्रालयाचे. तिथे पाली आणि बौद्ध अध्ययन शिकणारी मुले आहेत, आग्नेय आशियातून आलेलीही. सुवर्णद्वीपाच्या, म्हणजे आजच्या सुमात्राकडच्या, बालपुत्रदेव राजाने इथे विहार बांधला आणि पाल राजा देवपालाने त्यासाठी पाच गावे दिली, असे नालंदाचा ताम्रपट सांगतो. त्याच बाजूच्या विद्यार्थ्याने ही हकिकत आमच्या मुलांना ऐकवावी. त्याला मानधन द्या. सहलीकडून थोडे शुल्क घ्यायलाही हरकत नाही.

संग्रहालय सांभाळणारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणही आपल्याकडेच, तेव्हा फाइल दुसऱ्या मंत्रालयात पाठवायची गरज नाही. कर्मचाऱ्यांची साप्ताहिक सुट्टी जाऊ नये. ती पाळीपाळीने देता येईल. बारमाही जमत नसेल तर निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारी शुक्रवारी दार उघडा. आदेश दिवाळीच्या सुट्टीआधी निघाला तर आम्हाला आरक्षणे करताना उपयोग होईल.

आपली,
इतिहासाची एक प्राध्यापिका, विदर्भ