दुपारी काय खाल्लंस?

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ऑफिसातल्या टेबलाचा फोटो बाबांनी आळीत सगळ्यांना दाखवून झाला. "आमची सीएच्या फर्ममध्ये लागली, फोर्टला," एवढं म्हणताना त्यांचा आवाज जरा वरच्या पट्टीत जातो. मी मात्र तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. फायलींच्या मागे काळ्या बुडाचा प्लास्टिकचा डबा आहे आणि त्यावर बिल चिकटवलंय. आकडा वाचता आला. २८६ रुपये.

फोनवर विचारलं तर तू म्हणालीस, "जेवले गं." हे 'जेवले गं' मला चांगलं ओळखता येतं. मीही माझ्या आईला पत्रात तेच लिहायचे.

तुझा स्टायपेंड ११ हजार. महिन्याचे २५ दिवस धरले तर २८६ च्या हिशेबाने नुसत्या दुपारच्या जेवणाचे ७,१५० होतात. तू रोज ते मागवत नसणार, एवढा हिशेब तुला येतो. म्हणजे दोन दिवस तो डबा आणि उरलेले दिवस बिस्किटं, नाहीतर जागेवर बसून एक वडापाव. खरं की नाही ते कळवू नकोस. मला माहीत आहे.

मी १९८८ साली फोर्टात नोकरीला लागले तेव्हा डोंबिवलीला काकांकडे राहत होते. काकूंकडे सकाळी पाणी यायचं पावणेसहाला, स्टोव्ह एक आणि डबे चार. त्यात माझा पाचवा मागायला जीभ रेटेना. काकांना सांगितलं, ऑफिसात जेवायची सोय आहे. सोय कसली, हॉर्निमन सर्कलच्या बागेतला बाक आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. असे चार महिने काढले. पैसे नव्हते असं नाही, राइस प्लेटपुरते होते. पण हॉटेलच्या दारातून आत पाहिलं की सगळे पुरुषच दिसायचे, मान खाली घालून भुरके मारणारे, आणि त्यांच्यात एकटीने जाऊन बसायचं या कल्पनेनेच पाय अडायचा. आत गेलं की काय म्हणायचं, पैसे आधी द्यायचे की नंतर, दुसऱ्याच्या टेबलावर बसलं तर चालतं का, यातलं काहीच मला माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटायची.

आमच्या डिस्पॅचमधल्या बाईंनी एकदा मला बाकावर पाहिलं. काही न बोलता दंडाला धरलं आणि बोरा बाजाराकडच्या एका उडप्याकडे नेलं. चार जणांचं संगमरवरी टेबल, दोन जण आधीच जेवत होते. बाई त्यांना "सरका जरा" म्हणाल्या आणि बसल्या. पोऱ्याने ओल्या फडक्याने आमच्यापुढचा अर्धा भाग पुसला, दुसरा अर्धा तसाच ठेवला. मग ताट आलं. स्टीलचं, अजून ओलं, कडेला पाच वाट्या. तीन पुऱ्या, कोबीची भाजी, वाल, डाळ, सांबार आणि रसम. मी रसम आमटी समजून भातावर घेतली तर ती भातातून गळून ताटभर पळाली. समोरचे गृहस्थ तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी नुसतं बोटाने दाखवलं की वाटी उचलून प्यायची. आणि लोणच्याची बरणी माझ्याकडे ढकलली. झालं! त्या दिवसानंतर मला हॉटेलची भीती वाटली नाही. आपल्याकडे कोणी बघत नसतं, सायली. सव्वा वाजता फोर्टातला माणूस फक्त ताटाकडे बघतो.

म्हणून आता नीट ऐक.

मोठ्या रस्त्यावर शोधू नकोस. दादाभाई नौरोजी रोड, फिरोजशाह मेहता रोड, काळा घोडा इथे दुकानाचं भाडंच एवढं की ते थाळीतच लागतं. दोन गल्ल्या आत शिर. बोरा बाजार, बझारगेट, मोदी स्ट्रीट. (तिथे 'गेट' कुठेच नाही म्हणून तू एकदा हसली होतीस. किल्ल्याला तीन दरवाजे होते, चर्चगेट, अपोलो गेट आणि बझार गेट. १८६० च्या दशकात तट पाडला, नावं तेवढी राहिली.) या गल्ल्यांत छापखाने, स्टेशनरीवाले, कुरिअरवाले, पेढ्या. तिथे काम करणारी माणसं रोज बाहेर जेवतात, म्हणून तिथल्या हॉटेलांना दर ताब्यात ठेवावे लागतात. पाच रुपये वाढवले तर सगळी पंगत उठून पलीकडच्या दारात जाते. तुझ्या ऑफिसचा शिपाई कुठे जेवतो ते विचार. साहेब कुठे जेवतात ते विचारू नकोस.

वेळ साध. एक ते दोन सगळ्यांची सुट्टी, तेव्हा खुर्चीमागे माणूस उभा असतो आणि घास घशात अडकतो. सरांना सांगून बारा वीसला निघता आलं तर सोनं. डाळ दाट असते, भात मोकळा, पुरी नुकतीच कढईतून आलेली. सव्वादोननंतर जाऊ नकोस, तोवर डाळीत तीनदा पाणी पडलेलं असतं आणि भाजी संपून 'बटाटा आहे' एवढंच उत्तर मिळतं. राइस प्लेट स्वस्त का परवडते त्यांना, याचा मी इतक्या वर्षांत विचार केलाय. ताटामागे सुटणारा पैसा थोडा, पण एका खुर्चीवर दुपारभरात दहा-बारा जण उठून जातात. म्हणून जेवण झाल्यावर मोबाइल काढून बसलीस तर वेटर पाण्याचा ग्लास उचलायला लागेल. तो उद्धटपणा नव्हे, त्याचा धंदा आहे. पंधरा मिनिटांत ऊठ, आणि बडीशेप घेऊन हुतात्मा चौकापर्यंत एक चक्कर मार.

आता बिलाचं. यात खरं तर तू मला शिकवायला हवंस, पण तुझं जीएसटीचं पुस्तक आणि उडप्याचा गल्ला यांत अंतर आहे. बाहेरच्या फळ्यावर राइस प्लेटचा दर असतो, आत मेनूकार्डावर 'स्पेशल थाळी' पुढे करतात. एक गोड आणि एक पनीरची भाजी जास्त, पैसे दीडपट. फळ्यावरचीच माग, नावाने माग. माळ्यावर एसी हॉल असेल तर चढू नकोस. कर आता दोन्हीकडे सारखाच, २०१७ च्या नोव्हेंबरपासून ५ टक्के, पण वरचं कार्ड वेगळं छापलेलं असतं आणि भाजी त्याच पातेल्यातली. बसल्याबसल्या "बिसलेरी की साधं?" विचारतात, तेव्हा "साधं" हे मोठ्याने म्हणायला शिक. मला त्याला दोन वर्षं लागली. पार्सल घेतलंस तर डब्याचे वेगळे. आणि सर्व्हिस चार्ज नावाची ओळ दिसली तर काढायला सांग. तो आपोआप लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय आणि २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. छोट्या हॉटेलात ही ओळ नसतेच. तिथे जीएसटीच्या कंपोझिशनमधला, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या योजनेतला मालक असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही, हे तू गेल्या महिन्यातच पाठ करत होतीस.

मासळीचं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. फोर्टात गोमंतकी, मालवणी, मंगळुरी अशी तिन्ही पद्धतीची हॉटेलं आहेत आणि त्यांच्या फोडणीच्या वासाने एक वाजता रस्ता चुकतो. पहिली बढती मिळाली तेव्हा मी आणि आमच्या सेक्शनमधल्या दोघी अशाच एका ठिकाणी गेलो. कार्डावर पापलेटपुढे आकडाच नव्हता, 'एपीएस' लिहिलं होतं. आम्हाला वाटलं, मसाल्याचं नाव असेल. एक तळलेलं, एक भरलेलं मागवलं, सोलकढीचे दोन दोन पेले. बिल आलं तेव्हा तिघींच्या पर्सा उलट्या केल्या आणि तरी परतीच्या बसला पैसे उरले नाहीत. एपीएस म्हणजे मासा जेवढा, तेवढे पैसे. तेव्हा आकड्याऐवजी अक्षरं दिसली की आधी विचार, मग माग. मासे खायचेच तर बांगडा किंवा मांदेलीची थाळी घे. बांगड्याला कमी लेखणाऱ्यांना मासे कळत नाहीत, हे माझं मत आहे आणि बाबांचं वेगळं आहे. जून-जुलैत बोटी बंद असतात, तेव्हा बर्फातल्या सुरमईवर पैसे घालू नकोस.

हातात अगदीच पैसे नसतील, तसे दिवस महिन्याच्या २६ तारखेनंतर येतातच, तर सरकारच्या शिवभोजन थाळीचं केंद्र कुठे चालू आहे ते पाहून ठेव. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालं तेव्हा १० रुपयांत दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण आणि मूदभर भात. ते आपल्यासाठी नाही, असं बाबा म्हणाले. मी म्हटलं, ज्याच्या खिशात दहाच रुपये आहेत त्याच्यासाठी आहे, ती कधी आपली मुलगीही असेल. यावर ते पेपर वाचत बसले. १९९५ ला सरकारची एक रुपयात झुणका-भाकर निघाली होती, तीही मी खाल्ली आहे. भाकरी जाड पण गरम. आमच्या वाटेवरच्या केंद्रात पुढे झुणका गेला, मग भाकरी गेली, आणि एक दिवस पाहते तर नूडल्स परततायत. पाटी मात्र तीच होती.

वडापावला माझा विरोध नाही, तो जेवण नाही एवढंच. क्रॉस मैदानाजवळच्या खाऊगल्लीतही जा, मैत्रिणींबरोबर, उन्हाळ्यात. पावसात तिथलं पाणी नको. आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये ब्रिटानिया नावाचं १९२३ साली निघालेलं इराणी हॉटेल आहे, तिथला बेरी पुलाव एकदा खाच, पण तो स्टायपेंडमधून नव्हे. सीएची इंटर पास झालीस त्या दिवसाचा मी देईन. फायनलचा बाबा देतील.

आठवड्यातले दोन-तीन दिवस डबा नेता आला तर बघ. होस्टेलवर स्वयंपाक करू देत नाहीत, ठीक. पण गिरगावात पोळी-भाजी केंद्रं आहेत, सकाळी साडेआठला गरम पोळ्या मिळतात. दोन पोळ्या आणि पाव किलो भाजी घेतलीस तर भाजी तुला आणि मैत्रिणीला, दोघींना पुरते. माझी आत्या लालबागला खाणावळ चालवायची. गिरणीतले १४ जण जेवायला, महिन्याचे पैसे पगाराला. १९८२ चा संप झाला तेव्हा पगार थांबले, पैसे थांबले, पण जेवायला येणारे थांबले नाहीत. ती भाकऱ्या थापत राहिली, मंगळसूत्रातले दोन मणी ठेवून बाकीचं सोनं गेलं. त्या पोळ्या लाटणाऱ्या बायका दिसल्या की मला ती आठवते, म्हणून म्हटलं, तिथे पैसे कमी करायला सांगत बसू नकोस. उडप्याशी भांड हवं तर.

मी १४ तारखेला डोळे दाखवायला मुंबईत येतेय. काम अकरापर्यंत आटपेल. बारा वीसला तुझ्या बिल्डिंगखाली उभी राहीन. डिस्पॅचच्या बाईंचं ते हॉटेल आता नाही, तिथे मोबाइलची कव्हरं विकतात, पण त्याच गल्लीत दुसरं पाहून ठेवलंय. आत तू पुढे जायचं, जागा तू मागायची, "साधं पाणी" तू म्हणायचं. मी नुसती बसणार.

आंब्याचं लोणचं आणते आहे. ऑफिसच्या खणात ठेवायला थोडं वेगळं काढून देईन. तो २८६ रुपयांचा डबा धुऊन ठेवला असशीलच, तोच आण. आणि झाकण घट्ट बसतं का ते आधी पाणी भरून उलटं करून बघ, नाहीतर क्लायंटच्या व्हाउचरांना तेल लागेल.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत, तिथे बांगडा कितीला आहे. कळव.