राजीनाम्याआधी विकाऊ दिवस मोजा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू केलेल्यांच्या मुलाखती वृत्तपत्रांत नेहमी येतात आणि राजीनाम्याचा प्रसंग त्यांत हमखास असतो. पहिल्या बिलाचे पैसे किती दिवसांनी हातात पडले, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. जो आज हा निर्णय घ्यायला बसला आहे, त्याला नेमके तेच हवे असते.

सगळ्यांत जास्त होणारी चूक दर ठरवताना होते. पगाराला कामाच्या दिवसांनी भागायचे, वर थोडे चढवायचे आणि तोच आपला रोजचा दर मानायचा. समजा, महिन्याचा पगार 100 आहे, म्हणजे वर्षाचे 1200. शनिवार-रविवार वगळून 261 दिवस उरतात, म्हणजे दिवसाला साधारण 4.6. आता खरा हिशेब करा. नोकरीत विमा, निवृत्तिनिधीतला मालकाचा वाटा, संगणक, जागा, वीज हे सगळे पगाराबाहेरून येत होते. ते स्वतः भरायचे, तर 1200 वर 30 टक्के तरी धरा. झाले 1560. दिवसांकडे वळू. 261 मधून 20 रजा, 10 सण आणि 8 आजारपण काढले की 223 राहतात. हे सगळे दिवस विकले जात नाहीत. कोटेशन बनवणे, भेटी, हिशेब लिहिणे, थकलेल्या पैशांसाठी फोन करणे, नवे काही शिकणे, यांचे बिल कुणालाच लावता येत नाही. सुरुवातीच्या काळात 130 दिवस विकले गेले तरी बरे म्हणायचे. 1560 भागिले 130, म्हणजे दिवसाला 12. पहिल्या दराच्या अडीचपटीहून जास्त! हा दर ऐकून गिऱ्हाईक उठून जाणार असेल, तर ते राजीनाम्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

दुसरा हिशेब वेळेचा. पहिले काम मिळायला दोन महिने, ते पूर्ण व्हायला एक-दीड महिना, मग बिल आणि त्यावर ‘30 दिवसांत पैसे’ असे लिहिलेले. हे 30 दिवस प्रत्यक्षात 45 ते 60 होतात. त्यामागे दर वेळी कुणाची लबाडी असतेच असे नाही. बिलावर कंपनीचे नाव किंचित चुकलेले असते, खरेदी आदेशाचा क्रमांक राहिलेला असतो, मंजुरी देणारा माणूस रजेवर असतो, किंवा पैसे सुटतात त्या ठरावीक तारखेला बिल एका दिवसाने हुकते आणि पुढच्या महिन्यावर जाते. म्हणून कामाला हात लावण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: बिल कुणाच्या नावे काढायचे, मंजूर कोण करणार आणि पैसे महिन्याच्या कोणत्या तारखेला सुटतात. एक तृतीयांश रक्कम आगाऊ, एक तृतीयांश निम्म्या कामावर आणि उरलेली अंतिम माल किंवा फायली ताब्यात देण्याआधी, ही पद्धत लहान कामांत सहज चालते. आगाऊ रक्कम द्यायला जो खळखळ करतो, तो शेवटचा हप्ता देताना आणखी खळखळ करतो.

हे सगळे धरले तर पहिला पैसा यायला पाच-सहा महिने लागू शकतात. म्हणून घरखर्चाची गंगाजळी सहा महिन्यांची असावी, आणि अवजारे व अनामत यांचे पैसे त्याहून वेगळे ठेवावेत. ‘पाण्यात पडले की पोहता येते’ म्हणणारे बहुधा काठावर उभे असतात. गंगाजळी पुरेशी नसली की माणूस तिसऱ्या महिन्यात मिळेल ते काम पडेल त्या दराने घेतो. तोच दर बाजारात त्याचा म्हणून ओळखला जातो, आणि मग तो वाढवणे महाकठीण होते.

कराचे थोडक्यात. इथे पगारातल्यासारखा पूर्ण कर कापून घेणारा कुणी नसतो, त्यामुळे आलेले सगळे पैसे आपलेच वाटतात. वेगळे खाते उघडून, हिशेबनीस सांगेल तेवढे टक्के, रक्कम जमा होईल त्याच दिवशी, तिकडे वळवावेत.

राजीनामा देण्याआधी करायची काही कामे नंतर जड जातात. घरकर्ज हवे असेल तर अर्ज पगार चालू असताना करावा. स्वतंत्र व्यावसायिकाकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांची उत्पन्नाची कागदपत्रे मागतात. नोकरीसोबतचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपतो, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना अनेकदा प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे तेवढा काळ त्यांचा खर्च मिळत नाही. तो आधीच सुरू झालेला बरा. नियुक्तीपत्र काढून पुन्हा वाचा. जोडधंद्यावरची बंदी, आपण बनवलेल्या कामावरची मालकी, जुन्या गिऱ्हाइकांशी संपर्क ठेवण्याची मनाई, ही कलमे सही करताना कुणी वाचत नाही. पुढे भांडण मात्र त्यांच्यावरूनच होते.

आणि चाचणी? नियुक्तीपत्र आड येत नसेल, तर नोकरीत असतानाच तीन अनोळखी माणसांना पूर्ण दराने काम विकून दाखवावे. ओळखीतल्यांची कामे यात धरू नयेत, ती प्रेमापोटी येतात आणि भिडेपोटी स्वस्तात जातात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील आकडेवारीवर आधारलेल्या राफी आणि फेंग यांच्या अभ्यासात, नोकरी सांभाळून धंदा सुरू करून मग पूर्ण वेळ त्यात उतरलेल्यांचा धंदा बंद पडण्याचा धोका थेट नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे 33 टक्क्यांनी कमी आढळला. यात नवल नाही. ज्यांचे जमण्यासारखे नसते, त्यांना ते पगार चालू असतानाच कळते आणि ते तिथेच थांबतात.

साहेबाला कंटाळून बाहेर पडणाऱ्यांनी मात्र जरा थांबावे. इथे प्रत्येक गिऱ्हाईक साहेब असते. निम्म्याहून जास्त उत्पन्न एकाच गिऱ्हाइकाकडून येऊ लागले, तर ती नोकरीच झाली, फक्त रजा आणि विमा वजा. अशा व्यवस्थेला लपवलेली नोकरी मानून दोन्ही बाजूंची चौकशी करणारे कायदेही अनेक देशांत आहेत.

एक कागद शेवटी घरातल्यांसोबत बसून लिहावा. गंगाजळी अमुक रकमेच्या खाली गेली किंवा अमुक तारीख उलटली, तर पुन्हा नोकरी शोधायची. ही रेघ आधीच ओढलेली नसली की ‘आणखी एक महिना’ करत दागिने आणि भविष्यनिधीही त्यात जातात.

संपादक महाशय, विनंती एवढीच, की पुढची मुलाखत छापताना राजीनाम्याच्या प्रसंगासोबत एक चौकटही द्यावी: पहिल्या वर्षात किती दिवस विकले गेले, पहिल्या बिलाचे पैसे कितव्या दिवशी आले, आणि तोवर घर कशावर चालले.

आपला,
एक हिशेबनीस