फायर पंप आणि बागेचा पंप एकाच यादीत: इमारत देखरेख यंत्रणेबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: अलर्टचे वर्गीकरण परिणामानुसार करून मिळण्याबाबत

महोदय,

गंगापूर रोडवरच्या आमच्या बारा मजली सोसायटीत तुमची देखरेख यंत्रणा बसवलेली आहे. टाकी भरली, जनरेटरची टेस्ट झाली, बागेचे दिवे लागले, फायर पंपात बिघाड झाला. सगळ्याचा अलर्ट एकाच लाल रंगात, एकाच आवाजात येतो. त्यातून काय झालं ते मुद्दाम सविस्तर लिहितो.

जुलैच्या फॉर्म बी साठी, म्हणजे आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याच्या सहामाही दाखल्यासाठी, लायसन्सवाल्या एजन्सीचा माणूस पंप रूममध्ये आला आणि त्याने पॅनेलवर बोट ठेवलं. मेन फायर पंपाचा सिलेक्टर ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर होता. म्हणजे वर आग लागून कोणी हायड्रंट उघडला, लाइनचं प्रेशर पडलं, तरी खाली जाऊन कोणी बटण दाबेपर्यंत पंप सुरू होणार नव्हता. ॲपमध्ये शोधलं तर अलर्ट आलेला होता: ‘पंप – स्टेटस बदल’. वरखाली बागेच्या आणि एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) पंपांचे तसलेच अलर्ट. वरच्या मजल्यांवर धड जिना उतरता न येणारे आजी-आजोबा राहतात. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे.

यावर तुमच्या इंजिनिअरने नको असलेले अलर्ट म्यूट करायला सांगितलं. पण कुठला नको, हे ठरवायचं कशावरून? तुम्ही अलर्ट यंत्राच्या नावाने लावता. बिघाडामुळे कोणाचं काय होणार, यावरून ते लावा: जिवाला धोका, मालमत्तेचं नुकसान, सेवा बंद, वीज-पाण्याची नासाडी आणि नुसती नोंद. तुमची यंत्रणा बॅकनेटवर, म्हणजे इमारतीतल्या यंत्रांनी एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करण्याच्या ठरावीक पद्धतीवर, चालते. त्यात अलार्मला 0 ते 255 असा अग्रक्रम देता येतो. आकडा जितका लहान, तितकी निकड जास्त. आमच्याकडे सगळे अलर्ट एकाच आकड्यावर ठेवले आहेत.

वर्ग ठरवताना आमच्या इमारतीत येऊन ठरवा. दोनपैकी एक लिफ्ट बंद पडली तर गैरसोय होते. दोन्ही पडल्या तर आजारी माणूस वर अडकतो. बेसमेंटमधला उपसा पंप मे महिन्यात बिघडला तर सोमवारी प्लंबर आला तरी चालतं. भर पावसात तोच पंप बिघडला तर पाणी मीटर रूमपर्यंत जातं, मग रात्रीच माणूस उठवावा लागतो. आणि ‘सेन्सर संपर्क तुटला’ हा अलर्ट सरसकट किरकोळ धरू नका. बागेच्या सेन्सरचं ठीक आहे. फायर लाइनच्या प्रेशरचा सेन्सर गप्प झाला तर त्याला फायर लाइनइतकंच वजन द्यायला हवं.

पंधरा दिवसांत तुमचा माणूस पाठवा. आमचा वॉचमन, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांना सोबत बसवून प्रत्येक अलर्टचा वर्ग ठरवून द्या. जिवाच्या धोक्याच्या अलर्टला ॲपमधला मेसेज पुरेसा नाही. फोन वाजला पाहिजे, आणि कोणी ‘पाहिलं’ असं नोंदवेपर्यंत पुढच्या नंबरावर जात राहिला पाहिजे. अलर्टची भाषाही मराठी करा. रात्री ड्युटीवर वॉचमन असतो.

हे काम झाल्याशिवाय वार्षिक देखभाल कराराचं नूतनीकरण करू नये, असं व्यवस्थापक समितीने ठरवलं आहे. अलर्टच्या यादीचे स्क्रीनशॉट आणि पॅनेलचा फोटो सोबत जोडला आहे.

आपला,
सचिव, सहकारी गृहनिर्माण संस्था
गंगापूर रोड, नाशिक