गाड्या कुठे लावायच्या ते ठरतं, माणसं घरी कशी जाणार ते ठरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र थोडं लांबलंय, कात्री लावायची असेल तर खुशाल लावा, फक्त मधला हिशोब तेवढा ठेवा.

मी पुण्याजवळ किवळ्यात राहतो, मुकाई चौकाच्या जवळ. आमच्या सोसायटीत कॅलेंडरवर दोन प्रकारच्या तारखांना गोल करतात, एक गॅसचा नंबर लावला ती आणि दुसरी गहुंजेच्या क्रिकेट स्टेडियमला मॅच असेल ती. मॅचच्या दिवशी दूधवाला लवकर येतो, कामवाल्या मावशी येतच नाहीत, आणि ज्यांना वर्क फ्रॉम होम मिळतं ते ऑफिसला न सांगता सोसायटीच्या ग्रुपवर आधी सांगतात.

३१ जानेवारी २०२५ चंच सांगतो. शुक्रवार, भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी, संध्याकाळी सातला. आता शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे हिंजवडीची आयटी ऑफिसं सुटतात, मुंबईचे लोक मुंबईला निघतात, लोणावळ्याला जाणारी वीकेंडवाली मंडळी निघते आणि हे सगळे येऊन मिळतात कुठे तर किवळ्याच्या तोंडाशी, जिथून एक्सप्रेसवे सुरू होतो. त्याच तोंडाशी त्याच वेळेला मॅचचं पब्लिक. मॅचची तारीख काही आदल्या रात्री ठरलेली नव्हती ना, कित्येक महिने आधी सगळ्यांना माहीत होती, शुक्रवार पण तेव्हापासून शुक्रवारच होता.

मी आणि ऑफिसमधला एक मित्र पावणेसहाला हिंजवडीहून निघालो. एरवी पाऊण तास, फार तर तास. सात वाजून गेले तेव्हा आम्ही पुनावळ्याच्या अंडरपासपाशी होतो. मित्राने मोबाइलवर मॅच लावली आणि दुसऱ्याच ओव्हरला इंग्लंडच्या साकिब महमूदने तीन विकेट काढल्या, संजू, तिलक, सूर्या, तिघं गेले. आम्ही हळहळलो तर बाजूच्या गाडीतून पण तोच आवाज. बघतो तर चार पोरं, निळ्या जर्सी, गालावर तिरंगा, आणि डॅशबोर्डवर मोबाइल लावून तीच मॅच बघतायत. तिकीट खिशात. एकाने आम्हाला काच खाली करून विचारलं, "काका, अजून किती लांब आहे हो?" काय सांगणार. मॅप वीस मिनिटं दाखवत होता आणि गेला अर्धा तास वीसच दाखवत होता.

हे झालं जायचं. यायचं त्याहून वाईट, कारण जाताना लोक दोन-तीन तासांत पसरून जातात, येताना सगळे एकदम सुटतात. १९ ऑक्टोबर २०२३ ला वर्ल्ड कपची भारत-बांगलादेश मॅच मी स्वतः बघितलीय. २५७ चं टार्गेट, मॅच केव्हाच आपल्या खिशात होती, एरवी अशा वेळी शेवटच्या दहा ओव्हरला लोक उठायला लागतात आणि गर्दी आपोआप फुटते. पण त्या दिवशी कोहलीची सेंच्युरी जवळ आलेली, त्याला स्ट्राइक मिळावा म्हणून समोरचा राहुल सिंगल नाकारतोय, कोण उठणार? शेवटी कोहलीने सिक्स मारला, त्याची सेंच्युरी आणि मॅच एकाच बॉलला संपली आणि स्टेडियममधला एकूणएक माणूस एकाच मिनिटाला गेटकडे. त्या सिक्ससाठी मी परत पण जाईन, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर मोबाइलला रेंज नाही, म्हणजे कॅब नाही, शेतातल्या पार्किंगमध्ये अंधार, प्रत्येक जण रिमोटची बटणं दाबून आपली गाडी कुठे टुकटुक करतेय ते ऐकतोय, आणि जे रिक्षावाले होते ते मुकाई चौकापर्यंतचे सांगतील तेवढे. मी सरळ चालत आलो. माझ्यापुढे गाड्या होत्या, घरी पोचलो तेव्हा त्या माझ्या मागे होत्या.

आता हिशोब. स्टेडियमची कपॅसिटी ३७ हजारांच्या आसपास. समजा नऊ-दहा हजार बाइकवर, तेवढेच बस, रिक्षा किंवा पायी. उरले साधारण १८ हजार, गाडीत तिघं धरले तर ६ हजार गाड्या. चांगल्या रस्त्यावर एका लेनमधून तासाला दीड हजार गाड्या जात असतील, इथे वळणं, मधूनच घुसणाऱ्या बाइक, कडेने चालणारी माणसं म्हणून हजार धरा. दोन लेन मोकळ्या मिळाल्या तरी तीन तास. यात पोलिसांची काही चूक नाही, धुरळ्यात उभं राहून शिट्ट्या मारून त्यांचे घसे बसलेले मी बघितलेत, गावातल्या शेतकऱ्यांची पण नाही, शेत रिकामं आहे आणि पार्किंगला चार पैसे मिळतायत तर का नाही देणार. पण दर मॅचला नियोजन म्हणजे काय तर पार्किंग वाढवलं. अहो पार्किंग वाढवलं म्हणजे गाड्या वाढवल्या, आणि बाहेर पडायचा रस्ता तेवढाच!

तेच १८ हजार लोक बारा डब्यांच्या सहा लोकलमध्ये बसतात. देहूरोड स्टेशन आहे, बेगडेवाडी आहे, दोन्ही चार-पाच किलोमीटरच्या आतबाहेर. स्टेशनपर्यंत न्यायला ३०० बसफेऱ्या लागतील, म्हणजे पन्नास बसनी सहा-सहा मारायच्या, पण अट एकच, त्यांना लेन मोकळी पाहिजे. इथेच सगळं अडतं. स्पेशल बस सोडत नाहीत असं नाही, वर्ल्ड कपला पुण्यातून सोडल्या होत्या, पण त्या पण त्याच जॅममध्ये उभ्या, मग माणूस म्हणतो अडकायचंच आहे तर स्वतःच्या एसीत अडकू. गंमत बघा, सांगवी फाट्यापासून मुकाई चौकापर्यंत बीआरटीची वेगळी लेन २०१५ पासून आहे. बसची स्वतंत्र लेन स्टेडियमच्या इतक्या जवळ येऊन संपते आणि शेवटचा तुकडा जिथे तिची खरी गरज आहे तिथे दोन दोऱ्या आणि चार बॅरिकेड लावून एका रात्रीपुरती लेन करायची कोणाला सुचत नाही. मेट्रो तर सध्या पिंपरीपर्यंतच आहे, निगडीचं काम चालू आहे, झालं की बघू.

आणि ट्रेनने मॅचला जाणं ही काही परदेशातली गोष्ट नाही. एप्रिल २०१८ ला कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईच्या आयपीएलच्या मॅच इकडे आल्या तेव्हा त्यांचे फॅन अख्खी स्पेशल ट्रेन करून चेन्नईहून पुण्याला आले होते. हजारेक किलोमीटरवरून माणूस ट्रेनने येतो आणि शिवाजीनगरचा माणूस गाडी काढतो. वानखेडेचं सोडा, त्याला चर्चगेट आणि मरीन लाइन्स दोन्ही पायी. पण नवी मुंबईत नेरुळला त्याच जानेवारीत, आमच्या मॅचच्या दहा-बारा दिवस आधी, कोल्डप्ले बँडचे तीन शो झाले तेव्हा गोरेगावहून नेरुळला खास लोकल सोडल्या होत्या. जर्मनीत २००६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला तर मॅचचं तिकीट दाखवलं की लोकल बस-ट्रेन फुकट होती.

पण खरं सांगू का, मला जर्मनीचं उदाहरण द्यायचंच नाहीये. माझ्या घरापासून जवळच देहू आहे. दर वर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघते, देहूरोड, निगडी करत आकुर्डीला मुक्कामाला येते. किती लोक असतात ते सांगायला नको आणि तिकीट तर कोणाकडेच नसतं. तरी दिंड्यांचा क्रम ठरलेला, विसावा कुठे, मुक्काम कुठे, रस्ता कधी बंद आणि कधी चालू, पाण्याचे टँकर कुठे, सगळं आधी कळतं. आम्हाला त्या दिवशी पण त्रास होतोच, पण कधी होणार आणि कधी संपणार ते माहीत असतं म्हणून चिडचिड होत नाही. आणि इथे एकेक तिकीट ऑनलाइन विकलेलं, कोण कुठून येणार ते विचारलं तर आधीच कळेल, आणि तरी आम्हाला काय कळतं तर तुमच्याच पेपरात आदल्या दिवशी 'वाहतुकीत बदल' अशी चौकट, ज्यात पर्यायी मार्ग म्हणून नेमका आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता असतो.

मागणी फार मोठी नाही. तिकीट काढतानाच विचारा, लोकलने येणार, बसने की गाडीने, आणि बसचे पैसे तिकिटातच घ्या, एवढ्या महाग तिकिटात कोणाला जाणवणार पण नाहीत. मॅच सुटल्यावर पहिला अर्धा तास फक्त बस बाहेर सोडा, गाड्या नंतर. गाडीवाले ओरडतील, ओरडू देत, ते तसेही तीन तास अडकणारच आहेत. मॅच सुटल्यावर धरता येतील अशा जादा लोकल द्या आणि त्यांची वेळ तिकिटावर छापा. आणि शक्यतो शुक्रवार नको, बाकी सहा वार आहेत की.

त्या चार पोरांचं राहिलंच. साडेनऊच्या सुमाराला आम्ही मुकाई चौकात पोचलो तर ती गाडी वडापावच्या गाडीपाशी लावलेली आणि पोरं बोनेटवर बसून इंग्लंडची बॅटिंग मोबाइलवर बघतायत. पुढचा रस्ता हलतच नव्हता म्हणे, मग सोडून दिला नाद. आम्ही पण उतरलो, एकेक वडापाव घेतला, भारत १५ रननी जिंकला तेव्हा तिथे पंधरा-वीस जण जमलेले, वडापाववाल्यासकट सगळे नाचले. मग पोरांनी गाडी वळवली आणि गर्दी सुटायच्या आत परत निघाली. त्या रात्री तिकीट काढलेल्यांमध्ये सगळ्यात लवकर घरी तीच पोचली असणार.

आपला,
एक किवळेकर