भूल देणाऱ्या सरांना, एका सर्जनकडून

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात तुम्ही फोनवर म्हणालात, "आता रात्रीच्या केसेस बंद आणि दिवसाच्याही बंद. कानाला नीट ऐकू येत नाही. मॉनिटरचा सूर बदलला तर मला कळणार कसा?" मी "बरं सर" म्हणून फोन ठेवला. इतकी वर्षं एकाच टेबलापाशी काढली आणि तोंडून निघाले ते एवढेच दोन शब्द. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तालुक्यात ज्यांचं पोट उघडून पुन्हा शिवलं त्यांना माझं नाव पाठ आहे, तुमचं नाही. 16 ऑक्टोबर 1846 ला बोस्टनमध्ये मॉर्टन यांनी इथरची भूल दिली आणि सर्जन वॉरन यांनी मानेवरची गाठ काढली. जगाने तो दिवस भूल देणाऱ्याचा म्हणून लक्षात ठेवला. आपल्याकडे उलटं झालं, ते मला कायम खुपत आलंय.

2004 साली एम.एस. होऊन मी मुंबईहून आलो तो तीन महिन्यांसाठी. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. ते हिंडूफिरू लागले की परत जायचं, तिथली नोकरी बोलून ठेवलेली होती. दुसऱ्याच आठवड्यात रात्री एकच्या सुमारास एक तरुण शेतकरी आला. टायफॉइडने आतडं फुटलेलं, पोट लाकडासारखं कडक. पुढे पाठवावा तर वाटेतच जाईल अशी अवस्था. तुम्ही चाळीस किलोमीटरवरून स्कूटरवर आलात, मफलर सोडला आणि त्याच्या डोक्याशी बसून विचारलंत, "बैल आहेत का रे तुझ्याकडे? नावं काय त्यांची?" "सर्जा," तो म्हणाला. दुसरं नाव ओठांतच राहिलं.

पोट उघडलं आणि वीज गेली. जनरेटर सुरू होईना. ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, मामांनी बॅटरी धरली, तिचा उजेड त्यांच्या हाताबरोबर थरथरत होता. मी घाबरून वर पाहिलं. तुम्ही एका हाताने त्याला श्वास देणारी बॅग दाबत होतात, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या कानापुढच्या नाडीवर, डोळे मिटलेले. डोळे न उघडताच म्हणालात, "अरे, इकडे काय बघतोस? तू पोटात बघ. पेशंट माझ्याकडे आहे."

मुंबईत शिकताना मागे कुणीतरी उभं असायचं, त्याच्या मागे आणखी मोठं कुणीतरी. गावात वळून पाहिलं तर भिंत. ही धास्ती मी कुणाजवळ बोललो नव्हतो. ती त्या रात्री गेली. तीन महिने संपल्यावर मुंबईला फोन करून नोकरी नको म्हणून कळवलं. आईला वाटलं, वडिलांसाठी राहिला. खरं कारण आज पहिल्यांदा लिहितोय.

राहिलो, पण मन खात होतं. बरोबरीचे एम.एस.च्या पुढची एम.सीएच. ही पदवी घेऊन मोठमोठ्या शस्त्रक्रिया करत होते आणि मी हर्निया, हायड्रोसील. त्यातही हर्नियाच्या जागी आधाराला बसवायची जाळी परवडत नाही म्हणून मजुरांचे हर्निया नुसते टाके घालून शिवायचो आणि त्यातले काही जण तेच दुखणं घेऊन परत यायचे. एक दिवस तुम्ही स्कूटरच्या डिकीतून झेरॉक्स काढून दिलीत. आपल्याच धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांचा 2003 मधला, इंडियन जर्नल ऑफ सर्जरीतला लेख. मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियाला जाळी म्हणून वापरलेलं. मी तो त्या रात्री दोनदा वाचला. आपल्या शेजारच्या गावात बसून एक सर्जन जगाला सांगता येईल असं काम करत होता, आणि मी कसला कमीपणा मानत होतो? पुढे 2016 मध्ये युगांडातल्या अशाच जाळीचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, तेव्हा पहिला फोन तुम्हालाच केला होता.

आता जे लिहायला जड जातंय ते. एका बाईंच्या गळ्याला नारळाएवढी गाठ होती. थायरॉइड. ती मी काढली तर चार तालुक्यांत नाव होईल, हे माझ्या डोक्यात होतं. आज लपवत नाही. तुम्ही त्यांना टेबलावर उताणं झोपायला सांगितलंत. त्या अर्ध्या मिनिटात धापा टाकत उठून बसल्या. तुम्ही मला बाहेर बोलावलंत. "श्वासनलिका दबली आहे. श्वासाची ट्यूब आत गेली नाही तर इथं माझ्याकडे दुसरा रस्ता नाही. मी भूल देणार नाही." मी स्टाफसमोर तुमच्यावर आवाज चढवला. नंतर दोन महिने दुसऱ्या भूलतज्ज्ञांना बोलावत राहिलो. बाईंना शहरात पाठवलं. तिथे दुर्बिणीतून बघत, जागेपणीच ट्यूब घालावी लागली. त्या बऱ्या होऊन आल्या आणि पेढे मला देऊन गेल्या. त्यानंतर एका रात्री अडचण पडली म्हणून तुम्हाला फोन केला. तुम्ही फक्त विचारलंत, "पेशंटने शेवटचं कधी खाल्लंय?"

सर, त्या दोन महिन्यांची माफी मी कधीच मागितली नाही. आज मागतो. केस परत पाठवायला लागते ती हिंमत मला त्या बाईंपासून आली. त्यानंतर मी किती जणांना वेळेवर पुढे पाठवलं, ते तुम्ही पाहिलंच आहे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचंही तसंच. मुंबईच्या जे.जे.मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडियांनी 1990 मध्येच दुर्बिणीतून पित्ताशय काढलं होतं. आपल्या गावापर्यंत ते यायला फार वर्षं गेली, कारण चाळिशीला टेकल्यावर पुन्हा विद्यार्थी व्हायला मी कचरत होतो, कर्जालाही भीत होतो. मशीनचं माझं ठरायच्या आधी तुम्ही स्वतःच्या पैशांनी कॅप्नोग्राफ, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, आणून ठेवलात. "पोटात गॅस भरणार तू, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढणार माझ्याकडे. माझी तयारी झाली, तुझं बोल." मग बोलायला उरलंच काय होतं?

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. तिचं अपेंडिक्स होतं. शर्ट वर करून त्यांनी स्वतःच्या पोटावरचा उभा व्रण दाखवला, तेव्हा मी ओळखलं. माझ्याशी दोन शब्द बोलून ते ओटीच्या दाराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बैलांची नावं विचारणारे डॉक्टर कुठे आहेत? एक नाव सांगायचं राहिलं होतं."

मी त्यांना तुमचा पत्ता दिलाय. रविवारी येतील.

तुमचा,
तालुक्यातला सर्जन