कॅपरकेली म्हणजे रानकोंबडा नव्हे

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीत स्कॉटलंडच्या कॅपरकेली या पक्ष्यावर मजकूर आला, याचा आनंद आहे. परंतु त्यात या पक्ष्याला सरसकट ‘रानकोंबडा’ म्हटले आहे आणि तो कमी होण्याचे कारण ‘वृक्षतोड’ एवढेच दिले आहे. दोन्ही गोष्टी दुरुस्त व्हायला हव्यात.

रानकोंबडा आपला. लाल आणि राखी असे दोन्ही रानकोंबडे विदर्भाच्या जंगलांत आहेत. कॅपरकेली हा ग्राऊज या थंड प्रदेशातल्या, कोंबडीसारख्या पक्ष्यांच्या गटातला सर्वांत मोठा पक्षी, आणि या गटातला एकही पक्षी भारतात नाही. आपल्या पडीक माळावरच्या पखुर्डीच्या इंग्रजी नावात ‘ग्राऊज’ येते खरे, पण तिचे नाते कबुतरांकडचे. गेलिक भाषेत कॅपरकेलीच्या नावाचा अर्थ ‘रानातला घोडा’ असा सांगतात. नर 4 ते 5 किलोचा, मादी त्याच्या निम्म्याहूनही कमी. आपला रानकोंबडा किलोभराचा. तेव्हा मराठीतही त्याला कॅपरकेलीच म्हणावे.

हिवाळ्यात हा पक्षी जवळजवळ केवळ पाइनच्या सुयांवर जगतो. सुया चिवट, राळेने भरलेल्या आणि पोषणाला हलक्या. त्या दळायला तो बारीक खडे गिळतो, आणि पुढचे काम लांबलचक अंधांत्रांतले, म्हणजे आतड्याच्या एका टोकाला बंद असलेल्या फाट्यांतले, जिवाणू करतात. पिंजऱ्यात मऊ दाण्यावर वाढवलेल्या पक्ष्यांची ही आतडी आखूड राहतात. असे पक्षी रानात सोडले की सुयांवर त्यांचा निभाव लागत नाही, कोल्ह्यासारख्या शिकाऱ्याला कसे चुकवायचे हेही त्यांना ठाऊक नसते. ‘अंडी उबवून सोडून द्या’ हा उपाय वाटतो तितका सोपा नाही, तो यामुळे.

वसंतात नर पहाटे ठरलेल्या आखाड्यात जमतात, शेपूट पंख्यासारखी उभी करून टकटक, बूच उडाल्यासारखा आवाज आणि शेवटी घासल्यासारखी खरखर काढतात. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे सगळे मादीवर. घरटे जमिनीवर, अंडी साधारण 7-8, उबवणी 26 ते 28 दिवस.

खरी कसोटी त्यानंतरची. पिल्ले जन्मतःच चालू लागतात, पण सुरुवातीला अंगाची ऊब स्वतः टिकवू शकत नाहीत. पहिले काही आठवडे त्यांना मुख्यतः किडे लागतात, त्यातही बिलबेरीच्या पानांवरच्या अळ्या. बिलबेरी म्हणजे गुडघ्याच्याही खाली राहणारे झुडूप. पिल्लू त्याखालून चालते, वरच्या अळ्या टिपते आणि कोल्ह्या-कावळ्यांच्या नजरेआड राहते. जूनमध्ये थंड पावसाची झड लागली की मादीला पिल्ले पंखाखाली घेऊन बसावे लागते, चरायला वेळ उरत नाही आणि अख्खी वीण हातची जाते. बिलबेरी विरळ असेल तर पिल्लांना अळीसाठी लांब भटकावे लागते, भिजावे लागते आणि ती शिकाऱ्याच्या तोंडी पडतात.

आता वृक्षतोडीबद्दल. 1785 च्या सुमारास स्कॉटलंडमधून हा पक्षी नाहीसा झाला, तेव्हा जंगलतोड आणि शिकार ही कारणे होतीच. 1837-38 मध्ये स्वीडनहून पक्षी आणून तो पुन्हा वसवला गेला. 1970 च्या दशकात त्यांची संख्या सुमारे 20,000 असावी, असा अंदाज आहे. 2021-22 च्या गणनेत अंदाज आला 532. या काळात तिथे झाडे कमी झाली नाहीत, उलट लागवड वाढली. पण एकाच वयाची दाट लावलेली झाडे जमिनीवर ऊन पडू देत नाहीत आणि खालची बिलबेरी मरते. जिथे ऊन पोहोचते तिथे हरणे ती खुडतात. हरणे अडवायला तारेचे कुंपण घातले, तर जड अंगाचे, वेगाने खालून उडणारे कॅपरकेली त्याच तारेवर आपटून मरतात. म्हणून आता तिथे नको असलेली कुंपणे काढतात आणि उरलेल्यांवर लाकडी पट्ट्या लावतात, तार दुरून दिसावी यासाठी. दाट लागवडीत विरळणी करून ऊन खाली उतरवतात.

हे नागपुरात कळवळून लिहिण्याचे कारण हेच की आपल्याकडेही जंगल मोजताना झाडे मोजली जातात, झाडाखालचे कोणी मोजत नाही. चकोत्री, तितर, रानकोंबडी या साऱ्यांचे घरटे जमिनीवर, आणि रानकोंबडी-चकोत्रीच्या विणीचे महिने वणव्याच्या हंगामातच, म्हणजे 15 फेब्रुवारी ते 15 जून या काळात येतात. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, आग तिथे थांबत नाही. पाला झाडाच्या घेराबाहेर झाडून ढीग करावा, किंवा खाली जुनी लुगडी नाहीतर जाळी अंथरावी. फुलेही स्वच्छ मिळतात. तेंदूला नवी पालवी हवी असेल तर आगीऐवजी झुडपांची छाटणी करावी.

शहरालगतच्या राखीव रानांत ‘स्वच्छता’ म्हणून सगळा झाडोरा सरसकट कापणेही थांबावे. घाणेरी काढायलाच हवी, तिच्या दाट सावलीत गवत उगवत नाही. पण वरून कापली की ती दुपटीने फुटते. पावसाळा सरताना, माती ओली असताना, मुख्य मूळ जमिनीखाली 3 ते 5 सें.मी.वर तोडून झुडूप उलटे ठेवावे, म्हणजे मुळे वाळतात. एका वर्षी सलग सगळे न काढता पट्ट्यापट्ट्याने काढावे, आणि मोकळ्या झालेल्या जागेत लगेच स्थानिक गवताचे बी टाकावे. करवंदाच्या जाळ्यांना मात्र हात लावू नये.

काही पक्षिनिरीक्षक, नागपूर